आरशात न बघता घ्यायचा गॉगल

गॉगल घेताना माणूस आधी आरशात बघतो. चेहऱ्यावर मिरवायची वस्तू, तेव्हा त्यात गैर काही नाही. मग काच उजेडाकडे धरून ती किती काळी आहे ते बघतो आणि जितकी काळी तितकी चांगली असं ठरवून मोकळा होतो. नेमबाजीच्या नादाला लागलेला माणूसही सुरुवातीला हेच करतो. रेंजवर नव्याने येणारे बरेच जण मला विचारतात, रोजचा गॉगल इथे चालेल का? किंवा उलट, इथल्यासाठी घेतलेला रोज वापरता येईल का? प्रश्न रास्त आहे, दोन-दोन चष्मे सांभाळायची हौस कोणालाच नसते. पण उत्तर द्यायला लागलं की लक्षात येतं, विचारणाऱ्याच्या मनात गॉगल ही एक वस्तू आहे आणि माझ्या मनात तीन. अतिनील किरण अडवणं हे एक काम. उडत येणारा तुकडा अडवणं हे दुसरं. आणि डोळ्याला हवा तेवढाच, हव्या त्या रंगाचा उजेड आत सोडणं हे तिसरं. काळेपणाचा संबंध येतो तो फक्त या तिसऱ्याशी, तोही अर्धामुर्धा.

पहिलं काम सगळ्यात सोपं. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे काच ते अडवते की नाही हे तिच्याकडे बघून कळायला मार्गच नाही. रंग हा दिसणाऱ्या प्रकाशाचा मामला. अतिनील किरण अडतात ते काच ज्याची बनली आहे त्या द्रव्यामुळे, किंवा तिच्यात मिसळलेल्या रसायनामुळे. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची अगदी पारदर्शक काच ३८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपर्यंतचे जवळजवळ सगळे किरण स्वतःच शोषून घेते. उलट नुसत्या रंगवलेल्या हलक्या प्लास्टिकची काळीकुट्ट काच ते आरपार सोडू शकते, आणि तिच्यामागे डोळा अंधार समजून बाहुली मोठी करतो, किलकिलं व्हायचंही सोडून देतो. म्हणजे काहीच न घालणारा निदान डोळे बारीक तरी करतो. काचेवर ‘यूव्ही ४००’ असं लिहिलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात असा तो दावा असतो. दावा खरा की खोटा हे चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत असणाऱ्या छोट्या मीटरवर काही क्षणांत कळतं. विचारायला लाजू नये.

हे किरण समोरूनच येतात असंही नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के, कोरडी वाळू १५. पातळ ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. मला मात्र जास्त विचारात पाडते ती कडेच्या उजेडाची गोष्ट. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की कानाच्या बाजूने तिरपा आलेला प्रकाश कॉर्नियातून, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून, वळतो आणि डोळ्याच्या नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता वीस पटींपर्यंत जाऊ शकते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारा मांसल पडदा, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, तो बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूला का वाढतो, याचं हे पटण्यासारखं कारण आहे. चपट्या फ्रेमचा गॉगल समोरून कितीही काळा असो, काच आणि कानशील यांच्यामधली फट उघडीच राहते.

रेंजवर रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर बाहेर फेकलं जाणारं काडतुसाचं कवच, आत शिरते तीही याच फटीतून. शेजारच्या लेनमधल्या पिस्तुलातून उडालेली, अजून चटका देण्याइतकी गरम. कधी वरून, कपाळ आणि फ्रेमच्या मधल्या जागेतून. डोळा वाचला तरी ती गॉगलच्या आत अडकली की माणूस दचकून हात वर नेतो, आणि त्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. मला या क्षणाची भीती पुंगळीच्या चटक्यापेक्षा जास्त वाटते. म्हणून कपाळाशी आणि गालाशी भिडणारी, कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम हा माझा ठाम आग्रह. ऊन आणि पुंगळी, दोघांनाही तीच एक फ्रेम पुरते. नेमबाजी आणि रोजचा वापर यांची गरज इतकी तंतोतंत जुळते ती बहुधा इथेच.

आता तुकड्यांचं. नेमबाजीत डोळ्याकडे काय काय येऊ शकतं याची यादी बाहेरच्या माणसाला वाटते त्याहून लांब आहे. काडतुसातल्या न जळालेल्या दारूचे कण, रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून फुटणारे शिशाचे कण, लक्ष्य म्हणून लावलेल्या पोलादी पाटीवर आपटून परत येणारे गोळीचे तुकडे, काडतूस मागून फाटलं तर थेट तोंडावर येणारा वायू. ट्रॅप आणि स्कीट या हवेत उडवलेल्या तबकडीवर नेम धरायच्या प्रकारांत तर फुटलेल्या तबकडीचे तुकडे ठरलेलेच. तिला क्ले म्हणतात खरं, पण तिच्यात माती नसते. डांबरासारखी पिच आणि चुनखडीची भुकटी यांची ती बनते, ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमच्या आसपास वजनाची. स्कीटमध्ये काही तबकड्या नेमबाजाच्या दिशेने येतात आणि त्यांचे तुकडे वेग राखून पुढे येत राहतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम नेमबाजाला आणि फायरिंग लाइनच्या आसपासच्या सगळ्यांना न फुटणारा चष्मा घालण्याचा आग्रह करतात. आग्रह, सक्ती नव्हे. तिथे सक्तीच असायला हवी होती असं माझं मत आहे.

मग न फुटणारा म्हणजे किती? ‘अनब्रेकेबल’ हा शब्द पाकिटावर छापायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून मी आकड्यांकडे वळतो. अमेरिकेत साध्या रोजच्या चष्म्याच्या काचेलाही १९७२ पासून एक कसोटी आहे. सुमारे १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून काचेवर टाकायची, काच फुटता कामा नये. गणित केलं तर हा धक्का ०.२ ज्यूलचा होतो (ज्यूल हे ऊर्जेचं माप). चष्मा हातातून पडला, दाराची कडा लागली, इतपत. त्याच देशातल्या संरक्षक चष्म्यांच्या मानकात, ज्याची खूण ‘झेड ८७+’ अशी असते, ६.३५ मिलिमीटरची, साधारण एक ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने मारतात. हे झाले १.१ ज्यूल. शिवाय अर्धा किलोचं टोकदार वजन वरून टाकतात. तिथे ऊर्जा जास्त पण वेग कमी, म्हणजे ती काच आणि फ्रेम दोघांच्या एकत्र मजबुतीची परीक्षा. कारण काच शाबूत राहून फ्रेममधून निसटली आणि डोळ्यावर आदळली तर तिच्या न फुटण्याचं कौतुक कोणाला? युरोपच्या ईएन १६६ या मानकात ‘एफ’ अक्षराची खूण जवळपास याच ताकदीची आहे: ०.८६ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ४५ मीटर. त्याच्या वरच्या ‘बी’ आणि ‘ए’ या पायऱ्या बंद गॉगल आणि पूर्ण चेहऱ्याच्या ढालीसाठी राखलेल्या. काड्यांच्या चष्म्याला त्या मिळूच शकत नाहीत.

यापुढची पायरी लष्करी. अमेरिकी सैन्याच्या चष्म्यांच्या कसोटीत ०.३८ ग्रॅमचा, बॉम्बच्या किरचीसारखा मुद्दाम घडवलेला तुकडा सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने काचेवर सोडतात. सात ज्यूलच्या वर. म्हणजे रोजच्या चष्म्याच्या कसोटीच्या पस्तीस पट, ‘झेड ८७+’ चष्म्याच्या वेगाच्या कसोटीच्या सहा-सात पट. हे आकडे शेजारी ठेवले की ‘माझा नंबरचा चष्मा आहेच की, वेगळा कशाला?’ या युक्तिवादात जीव उरत नाही.

आणखी दोन आकडे मी या पंक्तीत बसवतो. स्पर्धेच्या एअर रायफलचा साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. त्याची ऊर्जाही सात ज्यूलच्या वर. म्हणजे ‘ही तर नुसती एअरगन’ म्हणून जिच्याकडे दुर्लक्ष होतं, तिचा नळीतून सुटलेला छर्रा लष्करी कसोटीच्या तोडीचा असतो. शिसं मऊ, आपटून चपटं होतं, परत येताना वेग बराच घटलेला असतो, हे सगळं खरं. पण कडक लाकडावर किंवा दगडावर आपटलेला छर्रा कुठे जाईल हे कोणी सांगू नये. दुसरा आकडा ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीचा: ५०० ज्यूलच्या आसपास. म्हणून कुठलाही चष्मा गोळी अडवत नाही, आणि पाकिटावरच्या ‘बॅलिस्टिक’ या शब्दावर तुकडे अडवण्यापलीकडे भरवसा टाकू नये.

ही ताकद येते कुठून, तर बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटमधून. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांना तो एकमेकांचा पत्ता नसताना सापडला. पुढे अपोलोच्या अंतराळवीरांची शिरस्त्राणंही त्याचीच झाली. तो फुटण्याआधी वाकतो, दबतो, धक्का पसरवतो. त्याच्या आधीची प्लास्टिकची काच, सीआर-३९, १९४०ची. तिच्यातून चित्र सुंदर दिसतं, पण जोराचा मार बसला की तिचे तुकडे होतात. खऱ्या काचेचं तर बोलायलाच नको. गंमत अशी की १९३०च्या दशकात वैमानिकांसाठी म्हणून आलेले आणि पुढे जगभर गाजलेले थेंबाच्या आकाराचे गॉगल काचेचे होते, आणि त्याच काळात नेमबाज आणि शिकाऱ्यांच्या नावाने विकले गेलेले त्यांचे भाऊबंदही. दिसायला ते अजून देखणे आहेत. पण चपटे, कडेने उघडे आणि काचेचे. रेंजवर ते घालून आलेला माणूस छान दिसतो, एवढंच मी म्हणेन.

पॉलिकार्बोनेटला एक खोड आहे. तो प्रकाशाचे रंग थोडे फाकवतो. प्रकाशशास्त्रात याचं माप अ‍ॅबे अंकाने करतात, अंक जितका मोठा तितकं चित्र स्वच्छ. साध्या काचेचा आणि सीआर-३९चा हा अंक साठीला टेकलेला, पॉलिकार्बोनेटचा जेमतेम ३०. काचेच्या मधून बघताना हे कळत नाही. पण रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवलेला माणूस मधून बघतच नाही, तो वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, आणि नंबर मोठा असेल तर तिथे लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाला जांभळी-पिवळी किनार दिसू लागते. २००१ मध्ये आलेल्या ट्रायव्हेक्स या द्रव्याचा अंक ४३ ते ४५, वजन पॉलिकार्बोनेटपेक्षाही कमी आणि मार सोसण्याची ताकद जवळपास तेवढीच. नंबर असणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. नंबर नसेल तर पॉलिकार्बोनेटवर खुशाल थांबावं.

इथपर्यंत रंगाचं नावही आलं नाही, आणि तो क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे. आधी द्रव्य, मग आकार, मग मानकाची खूण, आणि ती खूण काच व फ्रेम दोन्हींवर हवी. रंग शेवटी. पण गप्पा मात्र रंगावरच रंगतात, कारण तिथे प्रत्येकाचं मत असतं.

उजेड किती आत येतो यावरून उन्हाच्या काचांच्या ० ते ४ अशा श्रेणी करतात. ० म्हणजे जवळजवळ पारदर्शक, २ म्हणजे १८ ते ४३ टक्के उजेड आत, ३ म्हणजे ८ ते १८, आणि ४ म्हणजे फक्त ३ ते ८. भर उन्हातल्या रोजच्या वापराला ३ ठीक. ४ ही बर्फावरची, उंच डोंगरावरची वस्तू. ती घालून गाडी चालवायची नसते. नेमबाजीला मात्र ३ सुद्धा बहुतेक वेळा जास्त होते, आणि त्याचं कारण बाहुलीत आहे. काच काळी झाली की बाहुली पसरते. बाहुली पसरली की एकाच वेळी जवळचं आणि लांबचं स्पष्ट दिसण्याची डोळ्याची ताकद घटते. कॅमेऱ्याचं छिद्र मोठं केल्यावर मागचं धूसर होतं, तसंच. उघड्या साइटने, म्हणजे दुर्बिणीशिवाय नळीवरच्या पुढच्या-मागच्या खुणा जुळवून, नेम धरणाऱ्याचं सगळं आयुष्यच या तडजोडीत जातं. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, हाताच्या अंतरावर, लक्ष्य दहा, पंचवीस, पन्नास मीटरवर, आणि दोन्ही बघायची. त्याने स्वतःहून बाहुली पसरवून घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. म्हणून तिरीप असह्य होत नाही इतपत फिकी काच, हा माझा नियम.

रंगांपैकी करडा सगळ्यात सरळ. तो सगळे रंग सारख्या प्रमाणात कमी करतो, म्हणून रस्त्यावर, बाजारात, कुठेही बिनधास्त. तपकिरी आणि अंबर निळा प्रकाश जास्त कापतात. हवेतल्या कणांवरून निळा प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतो आणि डोळ्यात तो मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) थोडा अलीकडेच एकवटतो, त्यामुळे तो कापला की धुरकटपणा कमी झाल्यासारखा वाटतो, कडा उठून दिसतात. रोजच्यासाठी मला तपकिरीच आवडतो. पिवळा म्हणजे तोच विचार टोकाला नेलेला. ढगाळ हवेत, संध्याकाळी, राखाडी आकाशावर गडद लक्ष्य शोधताना तो खरोखर मदत करतो. पण पिवळी काच घातली की उजेड वाढल्याचा जो भास होतो तो भासच, कुठलीही काच असलेल्या उजेडात भर घालू शकत नाही. रात्री गाडी चालवताना पिवळा चष्मा घालावा हा सल्ला अजून फिरत असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समोरून दिव्यांची तिरीप येत असताना पिवळ्या काचेने रस्त्यातला माणूस लवकर दिसायला काहीही मदत झाली नाही. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

तबकडीवर नेम धरणाऱ्यांचं रंगशास्त्र वेगळं आणि जरा वेडसर आहे. तिथे प्रश्न उजेडाचा नसून लक्ष्य आणि मागची पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचा. नारिंगी तबकडी हिरव्या झाडीसमोर उडत असेल तर जांभळट किंवा लालसर काच हिरवा दाबते आणि नारिंगी पेटल्यासारखा दिसतो. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने, कुठल्या दिशेला जाणार हे आधी माहीत नसलेली वस्तू क्षणभर आधी दिसली तर तो क्षण मोलाचा असतो. मागे मोकळं आकाश असेल तर तीच काच निरुपयोगी. म्हणून या लोकांच्या डबीत काचांचा संच असतो आणि ते ढगाकडे बघून काच बदलतात. मात्र हीच लालसर काच घालून घरी गाडी चालवत जाऊ नये, सिग्नलचे रंग तिच्यातून बदललेले दिसू शकतात. पाच रंगांच्या संचाचा मोह मला समजतो. पण माझ्या पाहण्यात बहुतेक जण शेवटी दोनच काचा वापरतात, एक पारदर्शक आणि एक त्यांच्या मैदानाला मानवणारी.

पारदर्शक काचेला फार कमी लेखलं जातं. बंदिस्त रेंजवर तीच हवी, संध्याकाळी तीच, आणि पॉलिकार्बोनेटची असेल तर उन्हातले अतिनील किरणही ती अडवतेच. ज्या फ्रेममध्ये काच बदलता येते तिच्यात पारदर्शक काच आधी घ्यावी.

उन्हात आपोआप काळी होणारी काच या सगळ्यावर एका फटक्यात उपाय वाटते. रोजच्यासाठी ती सोयीची आहेच. पण ती काळी होते अतिनील किरणांमुळे, आणि मोटारीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते, त्यामुळे गाडीत जिथे गरज तिथेच ती फिकी राहते. रेंजवर तिची आणखी एक पंचाईत होते. नेमबाज छपराखाली सावलीत उभा, लक्ष्य बाहेर रणरणत्या उन्हात. काच बिचारी स्वतःवर पडणाऱ्या उजेडाला उत्तर देते, लक्ष्यावरच्या उजेडाचा तिला पत्ता नसतो.

पोलराइज्ड काचेबद्दल थोडक्यात. पाण्यावरून, ओल्या रस्त्यावरून आडवी परावर्तित होणारी चमक ती कापते, आणि पाण्याकाठी किंवा लांबच्या प्रवासात तिच्यासारखं सुख नाही. पण तिच्यातून काही डिजिटल पडदे विशिष्ट कोनात काळे पडतात, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र किंवा समोरचा गुणफलक ऐन वेळी कोरा. आणि ती अतिनील किरण अडवते किंवा मार सोसते असा तिच्या नावाचा अर्थ होत नाही. माझी पोलराइज्ड काच रेंजवर येत नाही.

‘नेमबाजीचा चष्मा’ म्हटलं की आता अनेकांच्या डोळ्यांसमोर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधली दोन चित्रं येतात. एक दक्षिण कोरियाच्या किम ये-जी यांचं, डोळ्यासमोर भिंगं आणि पाती जोडलेली तारेसारखी फ्रेम. दुसरं तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांचं, एक हात खिशात, डोळ्यांवर नेहमीचा साधा चष्मा. दोघांनीही एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं, किम यांनी वैयक्तिक आणि डिकेच यांनी मिश्र सांघिक. लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले, साधं विरुद्ध भपकेबाज अशी लढाई लावली. खरं तर किम यांच्या डोळ्यावरची ती वस्तू गॉगलच्या जातीचीच नव्हे. तिचं काम दिसण्याशी आहे: एका डोळ्यासमोर नेमक्या अंतरावर जुळवलेलं भिंग, छिद्र लहानमोठं करणारी झडप, दुसऱ्या डोळ्यासमोर पाती, म्हणजे तो न मिटता झाकला जातो आणि चेहऱ्याचे स्नायू ताणले जात नाहीत. तिच्या चहूबाजूंना मोकळी हवा. तुकडा आला तर ती काहीच अडवणार नाही. दहा मीटरवर, नीट बांधलेल्या रेंजवर, छर्रा पकडणाऱ्या पेटीसमोर ते चालतं. ते चित्र पाहून कोणी पोलादी पाट्यांवर तसली फ्रेम लावून गेला तर कठीण आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांचा प्रश्न त्याहून किचकट, आणि त्यात मीही आलो. जवळचं धूसर व्हायला लागलं की पहिली जाते ती फ्रंट साइट. प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असतो तिच्यात, जवळचा नंबर खाली असतो, आणि नेम धरताना डोळा काचेच्या वरच्या भागातून बघतो. मग माणूस मान मागे टाकून साइट शोधतो, आणि शिकवलेली सगळी उभं राहण्याची पद्धत कोलमडते. डॉक्टरांना नुसतं ‘नेमबाजीसाठी चष्मा हवा’ म्हणून भागत नाही. हात लांब करून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजून न्यावं. पिस्तुलासाठी लांबच्या नंबरात साधारण पाऊण डायॉप्टरची, म्हणजे पाऊण नंबराची भर, रायफलसाठी त्याहून जराशी कमी, इथून बरेच जण सुरुवात करतात. लक्ष्य किंचित धूसर होतं आणि साइट धारदार राहते. अदलाबदल परवडते, कारण धूसर वर्तुळाचा मध्य डोळा बरोबर शोधतो, धूसर साइटची चूक मात्र त्याला कळतच नाही. हा नंबर फक्त नेम धरणाऱ्या डोळ्याला हवा. दुसऱ्याला नेहमीचाच ठेवला की चालता-फिरता येतं, पण गाडी त्यावर चालवू नये. नंबरच्या काचा संरक्षक फ्रेममध्येच बसवून घेता येतात, किंवा पारदर्शक ढालीच्या आत छोटी नंबरची जोडी अडकवता येते. आतली जोडी वाफेने लवकर धुरकटते, म्हणून मला पहिला मार्ग बरा वाटतो.

काडीकडे कोणी बघत नाही, आणि तिथेच गोची होते. कानावर इयरमफ, म्हणजे आवाज अडवणारं गादीचं कानझाकण, चढवला की तो जाड काडीवर अधांतरी राहतो, गादी डोक्याला भिडत नाही, आणि त्या फटीतून आवाज आत येतो. डोळे वाचवता वाचवता कान गेले. काडी चपटी, पातळ, टोकाला न वळणारी हवी, आणि गॉगल घ्यायला जाताना इयरमफ सोबत न्यायला हवा. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे. दोन्ही चढवून दहा मिनिटं तसंच राहावं. कानामागे दुखायला लागलं तर तो चष्मा दुसऱ्या तासाला कपाळावर चढलेला असेल. मग मान खाली घालावी, हलवावी, दस्त्यावर टेकवतो तसा गाल तिरका करावा. भुवया झाकल्या जातात का, पापण्या काचेला लागतात का, घामाने नाकावरून घसरेल का, हे त्या वेळीच कळतं. नाकाच्या पॅडची उंची बदलता येत असेल तर उत्तम, काच वर सरकवता येते आणि नेम धरताना फ्रेमची वरची कड नजरेआड जाते.

तर एकच गॉगल दोन्हीकडे चालेल का? वळलेली फ्रेम, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, वेगाच्या कसोटीची खूण, चपटी काडी, आणि मैदान मोकळं असेल तर श्रेणी २ची तपकिरी किंवा करडी काच, असा गॉगल असेल तर हो. रोजच्या उन्हातही तो कुठे कमी पडत नाही. अंधार पडायला लागला की तो उतरवायचा, ७५ टक्क्यांहून कमी उजेड सोडणारी काच रात्री गाडीवर चालत नाही. उलट दिशेने मात्र उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. रस्त्यासाठी, रूपासाठी घेतलेल्या गॉगलमध्ये कुठे ना कुठे फट असते. आणि फक्त बंदिस्त रेंजवर जाणाऱ्याने हा प्रश्न सोडूनच द्यावा, त्याला पारदर्शक चष्मा वेगळा लागणारच.

घेतल्यावरची निगा सोपी आणि बहुतेकांना कंटाळवाणी. पॉलिकार्बोनेट मार सोसतो पण ओरखडा सोसत नाही, त्याच्यावरचा कडक लेपाचा पातळ थर हीच त्याची कातडी. दारूची काजळी आणि धूळ बसलेली काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसणं म्हणजे ती घासणंच. आधी नळाखाली धरायची, साबणाचा थेंब, मग मऊ फडकं. अ‍ॅसिटोन किंवा तसलं कुठलंही तीव्र द्रावण तिच्या जवळ आणायचं नाही, त्याने बारीक तडे जातात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. आणि एकदा जोरदार तुकडा लागला की खूण दिसो न दिसो, ती काच बदलायची, कसोट्या नव्या काचेवर घेतलेल्या असतात. जुनी काच दुसऱ्या कोणाला वापरायलाही देऊ नये. मागे उभं राहून बघणाऱ्या पाहुण्यासाठी एखादा जास्तीचा पारदर्शक चष्मा पिशवीत ठेवायचा असेल तर तोही तुकडा न लागलेलाच हवा.